यॉर्कटाउन ते श्रीरंगपट्टण : चौकटीबाहेर कोण राहिलं?



आजचा विषय अमेरिकेच्या इतिहासाचा आहे, पण शेवटी तो आपल्याला कावेरीच्या काठावर आणून सोडणार आहे. मी म्हैसूरला राहतो. इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर श्रीरंगपट्टण आहे. १७८१ साली अमेरिकेत यॉर्कटाउनच्या वेढ्यात सापडून शरण आलेला इंग्रज सेनापती आणि १७९२ साली श्रीरंगपट्टणला वेढा घालणारा इंग्रज सेनापती हा एकच माणूस. त्याचं नाव लॉर्ड चार्ल्स कॉर्नवॉलिस. या दुसऱ्या मोहिमेत त्याचे सोबती होते हैदराबादचा निजाम आणि पुण्याचे पेशवे. पेशव्यांकडून आले होते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन.

म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा एक धागा थेट आपल्या मिरज-तासगावच्या सरदारांपर्यंत येतो. आज तो धागा पकडायचा आहे. त्यासोबत आणखी एक गोष्ट पाहायची आहे. अमेरिकन लोक आपला इतिहास माहितीपटांतून कसा सांगतात, आणि त्यांच्याकडून आपण काय उचलावं?

फोटो बोलतात, पण काय बोलतात?

सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या पीबीएस वाहिनीवर केन बर्न्स या दिग्दर्शकाची ‘द सिव्हिल वॉर’ ही मालिका सलग पाच रात्री दाखवली गेली. नऊ भाग, अकरा तासांच्या आसपास. विषय १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध. त्या काळात हलती चित्रं नव्हती, होते ते फक्त फोटो. बर्न्सने सुमारे सोळा हजार जुने फोटो वापरले. स्थिर फोटोवर कॅमेरा हळूहळू फिरवायचा, आधी एखाद्या शिपायाचा हात, मग चेहरा, मग मागचा तंबू. पार्श्वभूमीला त्याच काळातली पत्रं आणि डायऱ्या वाचल्या जातात. सुमारे चार कोटी लोकांनी ती मालिका पाहिली. आज मोबाइलमध्ये फोटोंचा व्हिडिओ करताना चित्र हळूच पुढे सरकतं ना, त्या सोयीला अजूनही बर्न्सचंच नाव लावतात.

पहिल्याच भागात मेजर सलिव्हन बलू याचं पत्नीला लिहिलेलं पत्र येतं. ते १४ जुलै १८६१ चं आहे. आठवड्याभरात बुल रनची लढाई झाली, तीत बलू जखमी झाला आणि पुढे मरण पावला. पत्र वाचलं जात असताना मागे व्हायोलिनची एक उदास धून वाजते. ती धून त्या युद्धाच्या काळातली असेल असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात जे उंगार या संगीतकाराने ती १९८२ साली बांधली. पत्र खरं, धून नवी. ही लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. पण आपल्या डोळ्यांतलं पाणी पत्राने आणलं की धुनेने, हे पाहणाऱ्याने स्वतःला विचारायला हवं.

आता फोटोंकडे या. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावर अलेक्झांडर गार्डनर नावाच्या फोटोग्राफरने दगडांच्या आडोशाला पडलेल्या एका मृत बंडखोर नेमबाजाचा फोटो काढला. तो जगभर गाजला. शंभराहून अधिक वर्षांनी अभ्यासकांनी त्याच दिवसांतले बाकीचे फोटो शेजारी ठेवून तपासले, तेव्हा दिसलं की तेच प्रेत आधी दुसऱ्या जागी होतं. फोटो चांगला यावा म्हणून ते उचलून त्या दगडांपाशी आणलं होतं. शेजारी टेकवलेली बंदूकही नेमबाजाच्या बंदुकीच्या प्रकारची नव्हती. मृत्यू खरा होता, मांडणी फोटोग्राफरची होती.

फौजेत आम्हाला शिकवतात की प्रत्येक खबरीला दोन प्रश्न विचारायचे. ही कोणी दिली? आणि त्याने ती कुठे उभं राहून पाहिली? माहितीपट पाहताना मी एक तिसरा प्रश्न जोडतो. चौकटीबाहेर कोण राहिलं?

हा प्रश्न बर्न्सलाही चुकला नाही. ‘द सिव्हिल वॉर’मध्ये शेल्बी फूट या दक्षिणेतल्या लेखकाला भरपूर वेळ मिळाला. त्याच्या गोड, गोष्टीवेल्हाळ बोलण्यामुळे गुलामगिरी हा युद्धाचा गाभा मागे पडला, अशी टीका इतिहासकारांनी केली. पुढे २००७ साली दुसऱ्या महायुद्धावरची ‘द वॉर’ ही मालिका आली. तीत लॅटिन वंशाच्या अमेरिकन सैनिकांची आठवणच नव्हती. माजी सैनिकांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि प्रसारणाआधी नव्या मुलाखती जोडाव्या लागल्या. २०१७ च्या व्हिएतनामवरच्या मालिकेत मात्र अमेरिकन सैनिकांच्या बरोबरीने उत्तर व्हिएतनामचे सैनिकही कॅमेऱ्यासमोर बसून बोलताना दिसतात. ज्यांच्याशी लढलो त्यांना आपल्या चौकटीत बसवायला मोठं मन लागतं. त्याहून जास्त अभ्यास लागतो.

कॅमेरा नव्हता तेव्हा

नोव्हेंबर २०२५ मध्ये बर्न्स, सारा बॉटस्टाइन आणि डेव्हिड श्मिट या तिघांची ‘द अमेरिकन रिव्होल्यूशन’ ही सहा भागांची, बारा तासांची मालिका आली. इथे अडचण मोठी होती. फोटोग्राफी जगासमोर आली १८३९ साली. स्वातंत्र्ययुद्ध चाललं १७७५ ते १७८३. एकही फोटो नाही. मग त्यांनी चित्रं, नकाशे आणि पत्रं घेतली, आणि त्या काळचे कपडे घालून युद्धाचा सराव करणाऱ्या हौशी मंडळींची दृश्यं दुरून, धुक्यात चित्रित केली.

आपल्या अठराव्या शतकाची अडचण नेमकी हीच आहे. म्हणून ही मालिका आपल्या कामाची.

यॉर्कटाउनचंच उदाहरण घेऊ. १७८१ च्या उन्हाळ्यात कॉर्नवॉलिस व्हर्जिनियात, चेसापीक उपसागराच्या काठी यॉर्कटाउनला तळ ठोकून बसला. हिशेब सरळ होता : पाठीशी समुद्र, समुद्रावर ब्रिटिश आरमार, म्हणजे रसद आणि सुटकेची वाट शाबूत. ५ सप्टेंबरला फ्रेंच सेनानी द ग्रास याने २४ जहाजांनिशी १९ ब्रिटिश जहाजांना उपसागराच्या तोंडाशी गाठलं. ब्रिटिशांना माघार घ्यावी लागली आणि वाट बंद झाली. जमिनीवरून वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो आले. ९ ऑक्टोबरला तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्री दोन बाहेरचे बुरूज पडले, एक फ्रेंचांनी घेतला आणि एक अमेरिकनांनी. १९ ऑक्टोबरला सात हजारांवर सैन्य शरण आलं.

शरणागतीच्या वेळी कॉर्नवॉलिस आलाच नाही. आजारी असल्याचं कळवून त्याने आपला दुय्यम अधिकारी ओ’हारा याला पाठवलं. वॉशिंग्टननेही मग स्वतः न स्वीकारता आपल्या दुय्यमाकडे, बेंजामिन लिंकनकडे बोट दाखवलं. लिंकनला आदल्या वर्षी चार्ल्सटनला ब्रिटिशांपुढे शरण जावं लागलं होतं, तेही सैनिकी मानाशिवाय. म्हणून यॉर्कटाउनला ब्रिटिशांनाही निशाणं गुंडाळूनच बाहेर यावं लागलं.

हे सगळं सेनापतींचं झालं. चौकटीबाहेर कोण होतं? एक तर साधा शिपाई. जोसेफ प्लम्ब मार्टिन हा कनेटिकटचा मुलगा पंधराव्या वर्षी फौजेत शिरला, यॉर्कटाउनला खंदक खणायला होता, आणि म्हातारपणी, १८३० साली, त्याने आपल्या आठवणी छापल्या. उपाशी पोट, फाटके बूट, थकलेला पगार, सगळं त्यात आहे. आज त्या युद्धावरचा कुठलाही चांगला माहितीपट त्याच्याशिवाय पुरा होत नाही.

दुसरे होते गुलाम. स्वातंत्र्याच्या आशेने हजारो गुलाम ब्रिटिशांकडे पळाले. खुद्द वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्यातले सतरा जण १७८१ च्या एप्रिलमध्ये एका ब्रिटिश जहाजावर गेले. वेढ्यात अन्न तुटलं आणि देवीची साथ पसरली, तेव्हा कॉर्नवॉलिसच्या फौजेने या आश्रितांना छावणीबाहेर हाकललं. मार्टिनने त्यांची प्रेतं रानात पडलेली पाहिली आणि लिहून ठेवली. जे जगले त्यांतल्या अनेकांना विजयानंतर परत मालकांकडे नेण्यात आलं. माउंट व्हर्ननच्या सतरांतलेही काही परत आणले गेले. स्वातंत्र्याचा विजय साजरा होत असतानाची ही गोष्ट आहे. अमेरिकन माहितीपट आज ती लपवत नाहीत, आणि त्यामुळे वॉशिंग्टनचा सेनापती म्हणून मोठेपणा कमी झालेला मला तरी दिसत नाही.

तोच माणूस कावेरीकाठी

आता आपल्याकडे येऊ. अमेरिकेतलं ते युद्ध एकाकी नव्हतं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला, तेव्हा अमेरिकेतही लढाई चालूच होती. फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने उतरला म्हणून इंग्रजांनी इकडे फ्रेंचांचं माहे घेतलं, आणि त्यावरून हैदर अली बिथरला. १७८० साली पुणे, निजाम आणि हैदर इंग्रजांविरुद्ध एकत्र आले. त्याच सप्टेंबरात पोल्लिलूरला हैदर-टिपूने कर्नल बेलीची फौज बुडवली. हैदरचं नाव अमेरिकेत इतकं पोचलं की पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाचं नावच ‘हायडर अॅली’ होतं. त्या जहाजाने ८ एप्रिल १७८२ रोजी डेलावेअरच्या उपसागरात ‘जनरल मंक’ हे ब्रिटिश जहाज पकडलं.

१७८६ साली कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल आणि सरसेनापती होऊन कलकत्त्याला आला. डिसेंबर १७८९ मध्ये टिपूने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. पुढच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात इंग्रजांनी पुणे आणि निजाम दोघांशी करार केले. अमेरिकेतला डाग धुवायला कॉर्नवॉलिस म्हैसूरवर चालून आला, असं वाक्य माहितीपटात फार छान वाजेल. पण युद्ध पेटलं ते त्रावणकोरच्या तटापाशी आणि तीन दरबारांच्या हिशेबांतून. गोष्ट सुबक करण्यासाठी कारण बदलायचं नसतं.

मार्च १७९१ मध्ये त्याने बंगळूर घेतलं आणि मेच्या मध्यात श्रीरंगपट्टणसमोर आला. १५ मे रोजी अरकेऱ्याची लढाई जिंकलीही. पण चारा संपला होता, बैल मरत होते, पाऊस सुरू झाला होता. ओढायला बैल नाहीत म्हणून वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच्या हाताने फोडून त्याला माघार घ्यावी लागली. तोफखान्याचा कुठलाही माणूस हे वाक्य वाचून क्षणभर थांबेल.

त्या परतीच्या वाटेवर, मेच्या अखेरीस, समोर धुळीचे लोट दिसले. शत्रू समजून सगळे सावध झाले. निघाली हरिपंत आणि परशुरामभाऊंची फौज. टिपूच्या स्वारांनी वाटेतले जासूद पकडल्यामुळे मराठे इतके जवळ आल्याची खबर इंग्रजांना पोचलीच नव्हती. मराठ्यांच्या छावणीत भरलेला बाजार होता. भाव चढे होते, पण धान्य होतं. उपाशी इंग्रज फौज त्यावर तगली.

यॉर्कटाउनला फ्रेंच आरमाराने युद्ध फिरवलं, इथे मराठ्यांच्या बाजाराने फौज वाचवली. यॉर्कटाउनची गोष्ट सांगताना अमेरिकन पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंचांना मागच्या रांगेत बसवत आले, आणि म्हैसूरची गोष्ट सांगताना इंग्रजांनी मराठ्यांचं तेच केलं. दोस्ताचं ऋण विजयाच्या गोष्टीत नेहमीच लहान होत जातं.

पुढच्या वर्षी पुरती तयारी करून तो परत आला. ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री हल्ला झाला आणि मार्चमध्ये तह झाला. टिपूने अर्धं राज्य दिलं, तीन कोटी तीस लाख रुपये कबूल केले आणि दोन लहान मुलगे ओलीस ठेवले. कॉर्नवॉलिसला मार्क्विस ही वरची पदवी मिळाली.

दोन चित्रं आणि एक भिंत

फोटो नसलेल्या या दोन वेढ्यांची चित्रं मात्र आहेत. वॉशिंग्टन शहरात कॅपिटॉलच्या घुमटाखाली जॉन ट्रम्बुलचं भव्य चित्र आहे, नाव ‘लॉर्ड कॉर्नवॉलिसची शरणागती’. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला अमेरिकन, मध्ये पांढऱ्या घोड्यावर लिंकन. ज्याचं नाव चित्राला दिलं, तो कॉर्नवॉलिस प्रसंगाला हजरच नव्हता.

टिपूचे मुलगे ओलीस म्हणून स्वीकारणारा कॉर्नवॉलिस मात्र अनेकांनी रंगवला. रॉबर्ट होम हा चित्रकार मोहिमेबरोबर होता. मॅदर ब्राउन हा दुसरा चित्रकार जन्माने अमेरिकन, बॉस्टनचा. तो भारतात कधी आला नाही, लंडनमध्ये बसून त्याने हा प्रसंग रंगवला. ट्रम्बुल आणि ब्राउन दोघेही लंडनला बेंजामिन वेस्टकडे शिकलेले. एका गुरूचे दोन अमेरिकन शिष्य. एकाने कॉर्नवॉलिसचा पराभव रंगवला, दुसऱ्याने त्याचा विजय. विजयाच्या चित्रात तो दयाळू वडीलधारा होऊन मुलांकडे वाकतो. पाहणारा विसरतो की ही दोन मुलं बापाकडून खंडणी वसूल होईपर्यंत तारण ठेवलेली आहेत.

तिसरं चित्र इथेच आहे, श्रीरंगपट्टणच्या दरिया दौलत बागेत, पश्चिमेच्या भिंतीवर. पोल्लिलूरची लढाई. बेली पालखीत, त्याच्या भोवती फुटणारा चौकोन, दारूगोळ्याचा स्फोट, आणि हत्ती-घोड्यांवरून येणारे हैदर आणि टिपू. ही जिंकलेल्या म्हैसूरची बाजू. गंमत म्हणजे टिपूच्या पाडावानंतर या वाड्यात राहिलेल्या आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढच्या वेलिंग्टनने, आपल्याच देशाच्या पराभवाचं हे चित्र दुरुस्त करून घेतलं. श्रीरंगपट्टणला आलात तर या भिंतीसमोर किमान अर्धा तास उभे राहा.

आपल्या बाजूचा कागद

आता सर्वांत अवघड भाग. मराठीतून ‘श्रीरंगपट्टण १७९२’ असा माहितीपट करायचा ठरवलं, तर आपल्याकडे काय आहे? कागदांचा दुष्काळ नाही. मिरजेच्या शाळेत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. एका शिक्षकाने पदरमोड आणि डोळे घालून केलेलं हे काम आहे. परशुरामभाऊंबरोबर धारवाडच्या वेढ्यापासून कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती. तीतला एडवर्ड मूर हा अधिकारी १७९४ साली पुस्तक छापून मराठी छावणीचं बारकाईने वर्णन करून गेला. नकाशे, रोजनिशा, तहाचे मसुदे, सगळं जमवता येईल.

पण आणखी एक कागद आहे. १९१६ साली म्हैसूर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक रावबहादूर नरसिंहाचार यांना शृंगेरी मठात टिपूने स्वामींना पाठवलेली तीसेक कानडी पत्रं मिळाली. त्यांतून दिसतं ते असं : १७९१ च्या मोहिमेत पटवर्धनांच्या घोडदळाबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसं मारली, शारदेची मूर्ती हलवली. शंकराचार्यांना मठ सोडून कारकळला जावं लागलं. मूर्तीच्या पुन्हा प्रतिष्ठेसाठी टिपूने पैसे आणि साहित्य पाठवलं.

मराठी बाजूने सांगितलं जातं की ही लूट लमाण-पेंढाऱ्यांची होती, सरदारांच्या हुकुमाची नव्हती. तेही चौकटीत यावं. पण फौजी म्हणून माझं मत स्पष्ट आहे. तुमच्या फौजेच्या आडोशाने जो चालतो, तुमच्या निशाणाच्या धाकावर जो लुटतो, त्याची जबाबदारी तुमच्यावर येते. हुकूम दिला नव्हता हे सांगून ती उतरत नाही.

त्याच वेळी टिपूला या एका पत्रगुच्छावरून संत ठरवायचं कारण नाही. कोडगू आणि मलबारात त्याच्या फौजेने काय केलं, ते त्याच्या स्वतःच्या पत्रांतही आहे. मेलुकोट्याचे मंड्यम अय्यंगार आपल्या पूर्वजांच्या कत्तलीच्या आठवणीत आजही नरकचतुर्दशी साजरी करत नाहीत. ही परंपरेने चालत आलेली आठवण आहे, आणि तिलाही पडद्यावर जागा हवी. फक्त पत्र हे पत्र म्हणून आणि आठवण ही आठवण म्हणून सांगावी, दोघांची सरमिसळ करू नये.

हे मी का सांगतोय? महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, तमिळनाडू, सगळीकडे मराठी माणूस राहतो. माझे शेजारी कानडी आहेत. त्यांच्या मुलांसमोर लावता येणार नाही असा मराठी इतिहासाचा माहितीपट मला अपुरा वाटतो. शृंगेरी वगळून केलेली मराठी फिल्म आणि कोडगू वगळून केलेली टिपूची फिल्म, दोन्ही गार्डनरच्या त्या फोटोसारख्याच. प्रेत खरं, जागा सोयीची.

आणखी एक गोष्ट सुटू नये. १७९२ च्या तहाने मराठ्यांना मुलूख मिळाला. पण १७९९ साली टिपू संपला आणि तोल ढासळला. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला. १८०३ मध्ये असईला मराठ्यांसमोर उभा राहिला तो श्रीरंगपट्टणहून गेलेला आर्थर वेलस्ली. अमेरिकेला मदत करून फ्रान्सचा खजिना रिकामा झाला आणि १७८९ मध्ये तिथलं सिंहासनच हादरलं. दुसऱ्याच्या युद्धातल्या दोस्तीची किंमत नंतर चुकवावी लागते. पुणे आणि पॅरिस दोघांनीही ती चुकवली.

तुमच्यासाठी काम

बर्न्सच्या फिल्म उभ्या राहतात त्या घरोघरच्या पेट्यांतल्या पत्रांवर. आपल्याकडेही पेट्या आहेत. घरात मोडी कागद असतील तर लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सावलीतल्या उजेडात सरळ वरून फोटो काढा, मागची बाजूही घ्या, आणि मोडी जाणकाराला दाखवा. घरात कोणी माजी सैनिक असेल तर मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलतं करा. पराक्रम नंतर विचारा, आधी विचारा : काय खायचात? पाणी कुठून यायचं? खेचरवाल्याचं नाव काय होतं? आमच्या अहवालांत लढाईची वेळ मिनिटापर्यंत असते. खेचरवाल्याचं नाव बहुधा नसतं. ते फक्त त्या म्हाताऱ्या जवानाच्या डोक्यात असतं, आणि आपल्याकडे वेळ थोडा आहे.

पुढच्या भागात म्हैसूरच्या अग्निबाणांची गोष्ट. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर इथे एका जुन्या विहिरीत असे हजारभर बाण सापडले. इंग्रजांनी इथले बाण नेले, काँग्रीव्हने त्यांवरून नवे बनवले, आणि सप्टेंबर १८१४ मध्ये ते बाल्टिमोरच्या किल्ल्यावर सोडले. त्या रात्रीवर लिहिलेली कविता पुढे अमेरिकेचं राष्ट्रगीत झाली, आणि तिच्यात त्या बाणांचा उल्लेख आहे. तेव्हा नकाशा जवळ ठेवा.

जय हिंद.